क्विकसिन: गलक्यात शब्द किती कळतात?

क्विकसिन ही गोंगाटात बोलणे कितपत समजते हे मोजणारी श्रवणचाचणी आहे. अमेरिकेत मीड किलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. तिच्यावरचा शोधनिबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. एक यादी ऐकवायला जेमतेम मिनिटभर लागते.

तिची गरज एका जुन्या तक्रारीतून आली: ‘आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही.’ घरात समोरासमोर बसून नीट गप्पा मारणारा माणूस लग्नाच्या पंगतीत मात्र नुसता मान डोलावत बसतो. नेहमीच्या ऑडिओग्राममध्ये ही अडचण दिसत नाही. ती तपासणी शांत खोलीत होते, २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचे एकेक शुद्ध सूर ऐकवून, आणि सर्वांत हळू किती ऐकू येते एवढेच ती सांगते. ऑडिओग्राम अगदी सारखे असलेल्या दोघांपैकी एकाला बाजारात बोलणे कळते, दुसऱ्याला नाही.

डच शास्त्रज्ञ रेनियर प्लोम्प यांनी १९७८ मध्ये याची उकल मांडली. श्रवणदोषाचे दोन भाग असतात: आवाज क्षीण होणे आणि आवाज बिघडणे. पहिला भाग आवाज वाढवून भरून काढता येतो, दुसरा तसा येत नाही. अंतर्कर्णातल्या बाह्य केसपेशी निकामी झाल्या की जवळजवळच्या कंप्रता वेगळ्या काढण्याची कानाची ताकद उणावते, आणि बोलणे व गलका एकमेकांत मिसळतात.

क्विकसिनच्या एका यादीत सहा वाक्ये असतात. एक बाई वाक्य बोलते आणि तिच्यामागे चार जणांची बडबड चालू असते. पहिल्या वाक्यात तिचा आवाज बडबडीपेक्षा २५ डेसिबल मोठा असतो. मग दर वाक्याला हा फरक पाच डेसिबलने घटतो आणि सहाव्या वाक्यात शून्यावर येतो. तिचा आवाज आहे तिथेच राहतो, बडबड चढत जाते. ऐकणाऱ्याने ऐकले तेवढे म्हणून दाखवायचे. पहिली दोन वाक्ये बहुतेकांना सहज जमतात. चौथ्या-पाचव्याला चेहरा बदलतो: कपाळाला आठी पडते, शब्दांच्या जागी अंदाज येऊ लागतात. अंदाज सांगायला मोकळीक असते, कारण रोजच्या ऐकण्यातही माणूस तेच करतो.

गुण मोजायची रीत सुबक आहे. प्रत्येक वाक्यात पाच महत्त्वाचे शब्द, म्हणजे एकूण तीस. बरोबर आलेले शब्द २५.५ मधून वजा करायचे. समजा क्रमाने ५, ५, ४, ३, १, ० असे शब्द जमले. बेरीज १८, उत्तर ७.५. चांगले ऐकणाऱ्याला निम्मे शब्द कळायला बोलणे गलक्यापेक्षा सुमारे दोन डेसिबल मोठे लागते. या माणसाला त्याहूनही ७.५ डेसिबल जास्त लागते. तीनपर्यंतचा आकडा सामान्य, सातपर्यंत सौम्य, पंधरापर्यंत मध्यम आणि त्यापुढचा तीव्र अडचणीचा धरतात. एका यादीचा आकडा थोडा मागेपुढे होतो, म्हणून दोन किंवा अधिक याद्यांची सरासरी घेणे बरे.

हा आकडा श्रवणयंत्र घेण्याआधी हातात असणे फार मोलाचे. आकडा लहान असेल तर समोरचा आवाज जास्त टिपणारे दिशादर्शी मायक्रोफोन पुरतात. मोठा असेल तर बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा दूरस्थ मायक्रोफोन सुचवावा लागतो, कारण तो गलका मध्ये येण्याआधीच आवाज उचलतो. हे आधी सांगितले नाही, तर महागडे यंत्र निरुपयोगी समजून कपाटात पडते.

क्विकसिन मात्र इंग्रजी आहे. मराठी माणसाला ती दिली, तर कानाबरोबर त्याचे इंग्रजीही मोजले जाते. नुसते भाषांतर करूनही भागत नाही: वाक्ये सारख्याच कठीणपणाची हवीत आणि गलकाही त्याच भाषेतला हवा. मराठीत आणखी एक पेच आहे. ‘घरातल्या’ हा शब्द ‘घरात’ असा परत आला, तर गुण द्यायचा की नाही? विभक्ती आणि शेवटची अक्षरे हीच गलक्यात आधी बुडतात, आणि ‘आईने’ की ‘आईला’ यावर वाक्याचा अर्थच फिरतो. म्हणून मराठी यादी बांधताना प्रत्यय कसे मोजायचे याचा नियम ध्वनिमुद्रणाच्या आधीच ठरवावा लागतो.