चालू कचेरीचा जीर्णोद्धार

राहते घर दुरुस्त करावयाचे झाल्यास कुटुंब काही महिने आप्तांकडे जाऊन राहते. शाळेची दुरुस्ती उन्हाळ्याच्या सुटीत उरकता येते. सार्वजनिक कचेरीस मात्र अशी सुटी नसते. जन्ममृत्यूच्या नोंदी, सातबाराचे उतारे, कराचा भरणा, निवृत्तिवेतनाची प्रकरणे यांचा ओघ अखंड चालू असतो. म्हणून कामकाज न थांबविता कचेरीची इमारत नवी कशी करावी, हा प्रश्न जितका स्थापत्याचा तितकाच प्रशासनाचाही आहे. त्याचे स्वरूप विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

महाराष्ट्रातील या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचे मंत्रालय. १९५५ साली सचिवालय म्हणून उभ्या राहिलेल्या या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर २१ जून २०१२ रोजी आग लागली व ती वरच्या मजल्यांवर पसरली. तीत पाच जणांचा मृत्यू झाला. तथापि राज्याचा कारभार थांबविणे शक्य नव्हते. अल्पावधीतच खालच्या मजल्यांवर कामकाज पुन्हा सुरू झाले. वरच्या मजल्यांवरील काही विभाग गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या आवारातील इमारतीत व अन्यत्र हलविण्यात आले. आणि त्याच वास्तूत एकीकडे नूतनीकरण व दुसरीकडे राज्यकारभार असा क्रम चालला. येथे नूतनीकरण आपत्तीने लादले. आपत्तीची वाट न पाहता ते योजनेने कसे करावे, हाच खरा विचारणीय भाग आहे.

प्रथम, दुरुस्ती लांबणीवर का टाकू नये ते पाहू. सिमेंट काँक्रीटमधील अल्कधर्मी द्रव्यांमुळे आतील लोखंडी सळ्यांचे गंजापासून रक्षण होते. हवेतील कर्बद्विप्राणिद वायू काँक्रीटमध्ये हळूहळू शिरत जातो, तसा हा गुण कमी होतो. समुद्रकाठी खारी हवा त्यात भर घालते. गंज हा मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे तो काँक्रीट आतून फोडतो, आणि फुटलेल्या भेगेतून पाणी शिरून गंज अधिक वेगाने वाढतो. अर्थात् विलंबाबरोबर खर्च नुसता वाढत नाही, तर वाढीचा वेगही वाढतो. महापालिकांच्या कायद्यांत तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक ठरविली आहे, ती याच कारणाने.

आता स्थलांतराचा हिशेब घेऊ. एका इमारतीत सहा सारखे मजले असून प्रत्येकावर एक विभाग आहे, असे समजा. प्रत्येक विभाग बाहेर नेऊन, मजला दुरुस्त करून, पुन्हा जागी आणला, तर एकूण बारा स्थलांतरे होतात. याउलट केवळ पहिला विभाग बाहेर हलवावा. त्याचा मजला तयार होताच दुसरा विभाग तेथे आणावा. दुसऱ्याच्या मोकळ्या मजल्यावर तिसरा न्यावा. आणि शेवटी बाहेरचा विभाग सहाव्या मजल्यावर आणावा. अशाने सात स्थलांतरांत काम भागते, व बाहेर जागाही एकाच मजल्यापुरती लागते. या सोयीची किंमत अशी की, प्रत्येक विभागाचे ठिकाण कायमचे बदलते. दूरगावाहून आलेल्या माणसास जुन्या दाराशी नवा पत्ता लिहिलेला आढळला नाही, तर वाचलेल्या पाच स्थलांतरांचा भार त्याच्या पायांवर पडतो.

दुसरी अडचण वास्तूच्या रचनेतच आहे. कचेरीचे विभाग आडवे, म्हणजे मजल्यागणिक असतात. पाण्याचे नळ, सांडपाण्याचे मार्ग व विजेच्या मुख्य तारा मात्र उभ्या, सर्व मजल्यांतून जातात. तिसऱ्या मजल्यावरील एक नळ तोडला की त्यावर अवलंबून असलेल्या इतर मजल्यांचेही पाणी बंद होते. म्हणून जाणते अभियंते प्रथम नवे उभे मार्ग जुन्यांच्या शेजारी टाकतात, मग एकेक मजला त्यांस जोडतात, आणि जुने मार्ग सर्वांत शेवटी काढतात.

तिसरी बाब सुरक्षिततेची. काम चालू असताना तात्पुरत्या तारा, जोडकामाच्या ठिणग्या, लाकडी आडभिंती व कागदांचे ढीग एकत्र येतात. आगीस याहून अनुकूल स्थिती नाही. त्यातच एखादा जिना साहित्याने अडविला, तर माणसांना सुटकेचा मार्ग उरत नाही. यास्तव वापरातील प्रत्येक भागास दोन मोकळे जिने असावेत, जोडकामापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, आणि आवाजाची व धुळीची कामे कचेरीच्या वेळेबाहेर करावीत.

हा विचार केवळ महानगरांपुरता नाही. वेल्हे भागातील पासलीसारख्या सह्याद्रीतील गावाचे उदाहरण घ्या. अशा गावी कचेरी म्हणजे बहुधा एकदोन खोल्या. तेथे हलविण्यास दुसरा मजला नाही, आणि जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की छप्पर उघडण्याची सोय नाही. दिवाळीनंतर काम सुरू करावे, तर पुढे ३१ मार्चची वर्षअखेर व करवसुली आड येते. म्हणून छपराचे काम दिवाळी ते माघ या अवधीत संपवावे, दप्तर तत्पूर्वीच शाळेच्या वा समाजमंदिराच्या कोरड्या खोलीत न्यावे, आणि रंग, फरशी इत्यादी कामे वर्षअखेर आटोपल्यावर हाती घ्यावीत, हा क्रम श्रेयस्कर होय. हलवितानाही नित्य लागणाऱ्या नोंदवह्या, म्हणजे कर आकारणीचा नमुना ८, मागणीचा नमुना ९ व जन्ममृत्यूची नोंद, शेवटी बांधाव्यात व नव्या जागी सर्वप्रथम सोडाव्यात. भिंत पुन्हा बांधता येते. भिजलेली नोंदवही पुन्हा लिहिता येईलच असे नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. तेव्हा ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पाटी म्हणजे उत्तर नव्हे. डोंगरातील वाडीवरून दाखल्यासाठी आलेल्या मजुराचा हेलपाटा व्यर्थ गेला, तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि ती हानी दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात कोठेही नोंदली जात नाही. ती नोंदली जावी, किंबहुना होऊच नये, अशी दक्षता घेऊन केलेले नूतनीकरणच यशस्वी म्हणावयाचे.