जुनी 'विलीस' घेताय? मीटर नंतर बघा

वावर, जव्हार, मोखाड्याच्या घाटरस्त्यांवर फिरवायला जुनी जीप शोधणाऱ्यांसाठी ही पोस्ट. 'लो-बोनेट विलीस' म्हणून दाखवलेली गाडी अनेकदा महिंद्राची एमएम ५४० निघते. बॉडी नवी, चेसिस जुनी, इंजिन तिसरीकडचं. मग मीटरवरचे ४० हजार किलोमीटर नक्की कुणाचे? पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो, केबल काढली की जागीच थांबतो.

मी तर आधी गाडीखाली शिरतो. आपल्याकडचा पाऊस चेसिस खातो. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ स्क्रूड्रायव्हरनं ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, गंजाचे पापुद्रे पडले तर चहा पिऊन निघा. मग इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण उघडा. भकाभका धूर आला तर रिंगा गेल्यात, मीटर काहीही म्हणो! फोर-बाय-फोर मात्र डांबरावर नको, ओल्या मातीच्या चढावर टाकून बघा.

आरसी बुकातले इंजिन आणि चेसिस नंबर जुळवाच. कंपनीच्या मूळ नमुन्यात मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. इंजिन बदललेलं असेल तर आरटीओची नोंद दिसल्याशिवाय टोकन देऊ नका.