वेचणीचा हात

दिवाळी सरली की खामगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यातल्या वावरांत कापूस वेचायला निघणाऱ्या बायांची कमाई किलोच्या हिशेबाने ठरते. आणि उमललेल्या बोंडातून बोटांच्या चिमटीने कापूस ओढून ओटीत टाकण्याच्या ज्या क्रियेवर हा सारा हिशेब उभा आहे, नेमकी तीच क्रिया आमवात ही व्याधी सर्वांआधी हिरावून घेते.

वयोमानाने गुडघा झिजतो, ती गोष्ट निराळी. येथे देहाची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही मनगटे, बोटांची मुळे आणि मधली पेरे सुजतात, आणि सकाळी हात तासभर, कधी त्याहूनही अधिक काळ, आखडून राहतात. २०१९ साली जगात या व्याधीचे सुमारे १ कोटी ८० लाख रुग्ण होते व त्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया होत्या. तर पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली आरंभिलेल्या पाहणीत दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकास ती आढळली.

बोटे मोकळी होईपर्यंत सोबतिणी निम्मे तास उरकून पुढे गेलेल्या असतात. रोजंदारीत मंद हात एक वेळ खपून जाईल. तराजूपुढे तो खपत नाही. शिवाय भाकरी थापणे, धुणे पिळणे, पाण्याची कळशी उचलणे ही कामे कोणत्याच हजेरीपटावर चढत नसल्याने त्यांतील असमर्थतेची दखल घरातही उशिराच घेतली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत या व्याधीचे स्वतंत्र नाव नाही. अस्थिव्यंगाच्या सदरात किमान ४० टक्के भरल्याखेरीज बहुतेक सवलती लागू होत नाहीत, आणि आज उतरलेली व आठवड्याने पुन्हा चढणारी सूज टक्केवारीत बसवणे कठीण.

मेथोट्रेक्सेट हे औषध रुग्णाचा हात कामाचा राखू शकते. ते आठवड्यातून एकदाच, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व रक्ततपासणी करीत घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतू शकते. त्याचा गुण दिसायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून आरंभ लवकर हवा, कारण एकदा झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. परंतु दुखणे हंगामात उद्भवले, तर दवाखान्याची फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. तेव्हा पहिल्या वेचणीला सुजलेले मनगट फडक्याने आवळून ती बाई दुसऱ्या वेचणीला जाते, तिसरीलाही जाते, आणि डॉक्टरपुढे हात धरते तो पऱ्हाट्या उपटून झाल्यावर.