तुरीचा मर रोग

पाऊस पुरेसा होऊनही फुलोऱ्यावर आलेली तूर जागच्या जागी वाळते, हे तेलगावच्या शिवारात पुष्कळांनी पाहिले असेल. जमिनीत ओल असता झाडाने तहानेने मरावे, हे कसे? असे खोड बुडाशी उभे चिरून पाहावे. सालीखाली काळपट रेषा दिसतात. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळांतून शिरून पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद करिते, तिची ती खूण होय. बिहारात १९०६ साली ई. जे. बटलर या शास्त्रज्ञाने या रोगाची नोंद केली.

झाड एकदा कोमेजले की उपाय चालत नाही. तथापि बुरशीचे बळ आपल्या मशागतीवर पुष्कळ अवलंबून असते. मेलेल्या तुरीच्या धसकटांत ती सुमारे तीन वर्षे तग धरिते. म्हणून एकाच वावरात दरसाल तूर पेरणे म्हणजे शत्रूस घरी पोसणे होय. उन्हाळ्यात खोल नांगरून धसकटे वेचावी, बियाण्यास ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळावी, आणि बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेल्या 'बीएसएमआर ७३६' सारखे रोगास दाद न देणारे वाण निवडावे.

विशेष हे की, तुरीबरोबर ज्वारी पेरिली असता हा रोग कमी पडतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. वाडवडिलांची ही चाल आज कापूस व सोयाबीन यांपुढे मागे पडली आहे. तिचा पुन्हा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. विद्यार्थ्यांनी वाळलेले एक खोड चिरून घरच्या वडील मंडळींस अवश्य दाखवावे.