सुट्टीत मुलांसह शांत मुक्काम हवाय? उजनीकाठ बघा!

मे महिन्यात पोराबाळांसह तंबूत राहायचंय, पण गोंगाट नकोय? इंदापूर तालुक्यातलं भिगवण-कुंभारगाव गाठा. जागा निवडताना एवढं पाहा:

🔸 पुणे-सोलापूर महामार्गापासून आत, गावात ओळखीच्या अंगणात तंबू लावा. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आधीच विचारा.
🔸 उजनी धरणाचं पाणी आटून उघड्या पडलेल्या काठावर तंबू नको. टिटवी, नदी सुरय तिथे जमिनीवरच अंडी घालतात.
🔸 वळीव विजा घेऊन येतो. एकट्या झाडाखाली मुक्काम टाळा.
🔸 स्पीकर घरीच ठेवा.

पहाटे नावेतून पक्षी पाहा. पाणी पुरेसं ओसरलं, तर पळसदेवचं बुडालेलं प्राचीन मंदिरही दिसतं. परतताना बारामती तालुक्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात मुलांना चिंकारा नक्की दाखवा!