खाणावळीची वही: पगार थांबला तरी ताट कसं चालू राहिलं?

डोंबिवलीहून ठाण्याच्या लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, तर आधी मोबाइल नीट धरा.

आजचा विषय आहे उधारी. म्हणजे क्रेडिट कार्डाची नाही, जेवणाची.

दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. सकाळी मीटिंगची लिंक आली आणि दहा मिनिटांत सगळं आटपलं. तेव्हा मी डोंबिवलीत मित्रांबरोबर भाड्याने राहायचो. तिसऱ्या महिन्यात आमच्या पोळीभाजीवाल्या काकूंना म्हटलं, "काकू, उद्यापासून माझा डबा नको." त्यांनी कारणही विचारलं नाही. म्हणाल्या, "डबा येईल. मी वहीत लिहून ठेवते, नोकरी लागली की दे."

मी चार महिने असा जेवलो. पैसे फेडायला गेलो तेव्हा कळलं, की त्या काळात काकूंचीच किराणावाल्याकडे उधारी वाढली होती. म्हणजे माझ्या अडचणीचा भार मी नकळत त्यांच्यावर टाकला होता. ते मनात राहिलं, म्हणून शोधाशोध केली. तर ही गोष्ट गिरणगावापर्यंत जाऊन पोचली.

लालबाग, परळ, वरळी. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेले गिरणी कामगार तिथे एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. बायकामुलं गावी. मग जेवायचं कुठे? चाळीतल्याच एखाद्या बाईच्या खाणावळीत. हिशोब महिन्याचा, पगार झाला की पैसे.

आता १९७३-७४ चा संप बघा. तो ४२ दिवस चालला. पगार नाही म्हणजे खाणावळीचे पैसेही नाहीत. तरी बायकांनी ताटं वाढणं थांबवलं नाही. कुणी दागिने गहाण टाकले, कुणी सावकाराकडून जबर व्याजाने पैसे उचलले. संपाचा इतिहास सांगताना आपण भाषणं आणि मोर्चे सांगतो. पण एवढे दिवस तग धरायला पोटात अन्न लागतं, आणि ते या चुलींवर शिजत होतं.

हे प्रेमा पुरव यांनी नेमकं हेरलं. गोव्यात जन्मलेल्या, गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या या कार्यकर्त्या. त्यांना दिसलं, की कामगाराला सगळे कामगार म्हणतात, पण त्याला जेवू घालणारीला कुणी कामगार समजतच नाही. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

मंडळाची पद्धत साधी होती. खाणावळवाल्या बायकांचे गट करायचे. तारण ठेवायला कुणाकडेच काही नाही, तर एकमेकींची हमी घ्यायची. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालंच होतं, त्यामुळे अशा गटांसाठी बँकेचं दार ठोठावता आलं. बँकेचं कर्ज मिळालं की सावकाराचा फास सैल होतो. आज बचत गट आपल्याला सवयीचे झालेत, पण तेव्हा ही कल्पना नवी होती.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मोठा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कितीतरी जण गावी परतले. जेवणारेच गेले की खाणावळ कशी चालणार? गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातली अनेक कुटुंबं ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकली. तुमच्या बिल्डिंगमध्येही एखादं असेल, विचारून बघा.

मला यातून एक गोष्ट कळली. माया माणसाला तगवते, पण मायेला खर्च येतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्याइतकंच अडचणीत असलेलं माणूस उचलतं. त्या माणसाच्या पाठीशी कुणी नसेल, तर एका घराचं संकट फक्त दुसऱ्या घरात जातं.

म्हणून तीन गोष्टी. ओळखीच्या कुणाची नोकरी गेली, एमआयडीसीतली असो किंवा डिलिव्हरीची, तर "काही लागलं तर सांग" म्हणून थांबू नका. महिन्याचा डबा लावून द्या. दुसरं, पैसे डबेवाल्या काकूंना आगाऊ द्या, चार मित्र मिळून द्या. आणि तिसरं, तुमची स्वतःची उधारी राहिली असेल, तर नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात आधी ती वही कोरी करा.

मी आता काकूंना दर महिन्याला एक डबा जास्तीचा भरतो. तो कुणाकडे जातो, हे मी विचारत नाही. त्याही सांगत नाहीत.

चला, ठाणं आलं असेल. उतरताना सांभाळून. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!