'चालू कंडिशन, थोडं काम बाकी'

'डुक्कर फियाट, चालू कंडिशन, थोडं काम बाकी, पेपर क्लिअर.' एवढ्याशा जाहिरातीत जे सांगितलेलं नाही, किंमत त्यावरच ठरते. १९५४च्या या फियाट ११००ला वेगळी चासी नाही, बॉडीच सारा भार पेलते. त्यामुळे दाराखालची पट्टी किंवा फ्लोअर सडला असेल तर प्रश्न दिसण्याचा नसून गाडीच्या कण्याचा असतो. वरून पुट्टी भरून रंग मारला की फोटोत काहीच कळत नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक त्या पट्टीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे, किंवा पत्राच उरलेला नाही.

कागदांचंही तसंच. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसलेल्या गाडीलाच 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. मग परक्या इंजिनावर 'चालू' असलेली गाडी इथेच अडू शकते. आरसी बुकातले चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत.

विकणारा लबाडच असतो असं नाही. दिवंगत वडिलांची गाडी विकणाऱ्या मुलाला खरोखरच काही ठाऊक नसतं. पण त्याच्या अज्ञानाने गंज थांबत नाही, आणि गाडी अजून वडिलांच्याच नावावर असेल तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावे हस्तांतर व्हायला हवं. स्वस्तात मिळते म्हणून धोका पत्करावा, हेही पटत नाही: सडलेल्या पत्र्याचा खर्च तो उघडल्यावरच समजतो, आणि तोवर पैसे दिलेले असतात.